नमदा पांघरलेला फ्रिज

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. पण माझ्या पोटात कधी दही राहिलं नाही की कालचं कालवण. मी लशींचा फ्रिज. नारिनच्या डोंगरात ताश-बुलाक नावाचं गाव आहे, तिथल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी उभा आहे. ट्रकमधून खिंड ओलांडून मला आणलं, त्या दिवशी गावाने सणासारखे बोर्सोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळले होते. चार गडी मला आत उचलून नेताना म्हाताऱ्या मागून ओरडत होत्या, "अरे, हळू! त्यात पोरांचा जीव आहे!" ते शब्द मी मनावर घेतले आणि तिथेच फसलो.

इथला हिवाळा असा, की फ्रिजचं काम उलटं होऊन बसतं. बाहेरची थंडी आत येऊ द्यायची नाही, हीच माझी नोकरी. वीज गेली की खोलीतलं बादलीतलं पाणी गोठतं, पण माझ्या पोटातल्या कुप्यांना मी धक्का लागू दिला नाही. दवाखान्याची नर्स सायकाल माझी मालकीण. डॉक्टर या गावात नाही. तापकरी, बाळंतिणी, घोड्यावरून पडलेले, सगळे तिच्याच दारात येतात. रोज सकाळी ती माझं दार उघडून थर्मामीटर बघायची आणि म्हणायची, "शाब्बास, म्हाताऱ्या." मला एवढं पुरायचं.

मग सरकारने नवी व्यवस्था आणली. माझ्या कुशीला एक पांढरी डबी चिकटवली आणि तिची बारीक तार माझ्या पोटात सोडली. मी किती गार आहे ते डबी परस्पर राजधानीला, बिश्केकला कळवणार. ज्या कंपनीने तो प्रोग्राम केला, तिथे सायकालचा धाकटा भाऊ मेदेर कामाला होता. बाहेरच्या बाकावर गावकऱ्यांची चर्चा रंगली. "बिश्केकला आपला फ्रिज किती गार ते कळणार, पण आपली वीज गेलेली कळणार नाही!" असं एकजण म्हणाला आणि सगळे खो खो हसले. मला मात्र डबीचा राग आला नाही. आपल्या कामाची कोणी दूर बसून नोंद घेतंय, म्हणून उलट मी जरा फुगलोच होतो.

गावात लशींवरून वाद होते. गावातल्या म्हाताऱ्या बुरुल आपांची सून मॉस्कोत झाडलोट करते. तिचा लहानगा बेकतुर आजीकडे असायचा. सून फोनवरून व्हिडिओ पाठवायची: सुईने पोरं मुकी होतात, कंपन्या पैसे करतात, कुणावर विश्वास ठेवू नका. आपा सायकालला दारातच अडवायच्या. "माझ्या नातवाला हात लावशील तर बघ, पोरी!" पण बाई मनाने मोठी. एका कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तेव्हा आपा स्वतःच्या घरचा नमदा घेऊन आल्या. लोकर कुटून केलेला, हातभर जाडीचा वाटावा असा.

"सुई मला पटत नाही," त्या म्हणाल्या, "पण लोखंड झालं तरी त्याला थंडी वाजतेच ना? गुंडाळ याला."

दोघींनी मला नमद्यात गुंडाळलं आणि दोरीने आवळून बांधलं. थंडी ओसरेपर्यंत दार उघडायचं नाही, असं ठरलं. मित्रांनो, इतकी ऊब मला कोणी दिली नव्हती. दोरी आवळताना डबीची तार हिसकली गेली. मला कळलं, त्यांना कळलं नाही.

पलीकडच्या गावात गोवर आल्याची बातमी त्याच आठवड्यात आली. एक लेकरू दगावलं होतं. ऐकून आपा घाबरल्या. दुसऱ्या दिवशी त्या बेकतुरला शालीत घेऊन बाकावर येऊन बसल्या. "सुनेला सांगू नकोस. टोच लवकर, माझं मन बदलायच्या आत," म्हणाल्या.

सायकालला आनंद झाला. तिने कुपीची नोंद करायला फोनवर तो प्रोग्राम उघडला आणि पडदा लाल झाला. माझ्यातल्या सगळ्या कुप्या बाद! दोन दिवस माझ्याकडून काही कळलं नव्हतं, म्हणून. ती धावत आत आली, दोरी सोडली, तर तार खाली लोंबत होती. तिने ती लावली, खोलीचं दार लोटलं आणि माझं उघडून भावाला फोन केला.

"मेदेर, थर्मामीटर माझ्या डोळ्यांसमोर आहे. पाचावर आहे."

"आत्ता पाचावर आहे, ताई. काल पहाटे किती होता?"

"अरे, तार निघाली होती फक्त! कुप्यांवरचे ठिपके बघ, उष्णता लागली असती तर काळे पडले असते, आणि गोवरच्या लशीला गोठण्याचं भय नसतं. फोटो पाठवू?"

"फोटो घ्यायची सोयच नाही त्यात."

"मग कर ना सोय! तूच केलायस ना हा प्रोग्राम?"

"मी केला, पण किल्ली माझ्याकडे नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरबाईंनी कुलूप काढायचं." मेदेरचा आवाज खाली गेला. "गेल्या वर्षी एका गावात फ्रिज बंद पडला होता. कोणी सांगितलं नाही. पोरांना नासकी लस टोचली गेली. म्हणून मीच म्हटलं होतं, कळत नसेल तर लाल दाखवा. मी वाईट हेतूने नाही केलं, ताई."

ते खरंच होतं. मीही त्याला दोष देत नाही. सायकालने डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, अर्ज कर, बर्फाने बंद झालेली खिंड उघडली की समिती येऊन बघेल.

सायकालने एक कुपी काढली आणि मुठीत धरून उभी राहिली. लाल कुपी टोचली आणि उद्या पोराला साधा ताप जरी आला, तरी गावातलं एकही माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरीही तिचा हात सुईकडे गेला. मला राहवलं नाही. टोच, चांगली आहे ती, मी राखलीय, असं सांगायला मी जीव खाऊन घरघरलो. सायकालने दचकून माझ्याकडे पाहिलं.

"तूही बिघडलास काय रे?" ती म्हणाली, आणि कुपी परत ठेवली.

पुढे बाकाजवळचं बोलणं मला भिंतीतून ऐकू आलं.

"आपा, आज जमणार नाही. पुढच्या आठवड्यात या."

"म्हणजे? वर्षभर माझ्या मागे लागलीस, आणि आज मी आले तर नाही?"

"औषधाची तपासणी राहिलीय."

"म्हणजे सून म्हणत होती ते खोटं नव्हतं," आपा म्हणाल्या आणि नातवाला उचलून निघून गेल्या.

बेकतुरला गोवर झाला. मग छातीत कफ भरला. गाडी खिंडीपर्यंत गेली आणि बर्फात अडकून राहिली. मित्रांनो, यापुढचं मला सांगवत नाही. त्या पोराचं औषध माझ्या पोटात, वरच्या कप्प्यात, नीट गार होतं.

समिती आली. कुप्या उत्तम निघाल्या. पडदा हिरवा झाला. मेदेरने नियम बदलून घेतला: दोन दिवस काही कळलं नाही, तर आधी फोन करून विचारायचं. लसीकरणाच्या दिवशी बुरुल आपा आपल्या आळीतली सगळी पोरं दंडाला धरून घेऊन आल्या. कुणाच्या आईचं ऐकलं नाही. सगळ्यांना टोचून झाल्यावर त्या मागच्या खोलीत आल्या.

"पोरी, एक विचारते. त्या दिवशीचं औषध खरंच नासलं होतं ना?"

सायकालने तारेकडे पाहिलं. खरं सांगितलं, तर तार कशी निघाली तेही सांगावं लागणार होतं.

"हो, आपा," ती म्हणाली. "हा फ्रिज म्हातारा झालाय. यानेच नासवलं."

आपा माझ्याजवळ आल्या. माझ्या दारावर त्यांनी तळहात ठेवला.

"तुला थंडी वाजू नये म्हणून मी माझं पांघरूण आणलं रे, मेल्या," त्या म्हणाल्या आणि तिथेच खाली बसून रडू लागल्या.

मित्रांनो, कुणी गप्प झालं म्हणजे ते बिघडलंच, असं धरून चालू नका. दार उघडा, हात घालून बघा, आणि डोळ्यांनी बघितलेलं मानायला थोडी जागा ठेवा. माझं एवढंच मागणं आहे. बाकी मी नासवलं असं गाव म्हणतं, ते म्हणू दे. मला वाचा असती, तरी त्या बाईला मी दुसरं काय सांगितलं असतं?