चौकीचा पंचनामा

शिडीवर उभा राहून राजाराम एकेक कौल उतरवत होता आणि खाली देण्याआधी प्रत्येकावर कोळशाने आकडा टाकत होता. इंग्रजांच्या वेळची ही जंगलचौकी. तिची कौलं होती तिथंच परत बसली नाहीत तर पावसाळाभर गळणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? वनमजूर म्हणून तीस वर्षं तो इथंच राहिला होता; बायको बायडाबाई पाटणच्या घरी. दुरुस्ती मंजूर झाल्याचा निरोप वनरक्षक नाथाजीने धाडला, तेव्हापासून स्वारी भलतीच खुशीत होती.

दुपारपर्यंत छप्पर उघडं झालं. मग गड्यांनी वाशांना पहारी लावल्या.

"आरं, वासं कशाला काढताय? चांगलं हायती की!"

"समदीच पाडायची हाय, मामा." मुकादम सूरजने खिशातून कागद काढला. "ही तुमचीच सही न्हवं?"

सही त्याचीच होती. वर नाथाजीच्या अक्षरात लिहिलं होतं: इमारत मोडकळीस आलेली, कोणी राहत नाही, पाडण्यास हरकत नाही.

कोऱ्या पंचनाम्यांवर सह्या करून ठेवायची इथली जुनी रीत. खालचं ऑफिस दिवसभराच्या चालीवर. दर वणव्याला, दर पडल्या झाडाला पंच कुठून आणायचा? राजाराम चार कागदांवर सह्या करून द्यायचा, नाथाजी लागेल तसा मजकूर भरायचा. याच नाथाजीला त्याने गव्याची वाट ओळखायला शिकवलं, आपल्या ताटात जेवू घातलं. त्यानेच केसाने गळा कापला होता. राजारामला राग आला, आणि गड्यांसमोर त्याहून जास्त लाज वाटली.

नाथाजी ओढ्याकडून वर येताना दिसला. राजारामने कागद त्याच्या छातीवर दाबला.

"कुणी राहत न्हाई? मग मी कोण हुतो रं हितं?"

नाथाजीने मान खाली घातली. "दादा, सायबास्नी कवाच पाडायची हुती. तीन वर्सं मीच अडवून धरली, तुमच्यासाठनं."

"मग आता काय झालं?"

"वैनी आल्या हुत्या."

"कोण, बायडा?"

"व्हय. पाटणास्नं आल्या, आफिसात. बसा म्हणलं तर बसल्या न्हाईत. म्हणल्या, चौकी हाय तवर ह्ये काय घरला यायचं न्हाईत."

ओठांवर आलेली शिवी राजारामने गिळली. बायडाबाईवर ती काढता येईना.

"आन् मला का न्हाई म्हणली ती? माझ्या मागं तुझ्याकडं आली?"

"तुमास्नी म्हणल्या हुत्या की. दर दिवाळीला म्हणल्या, आसं सांगत हुत्या."

मागे एक वासा धाडकन खाली आला. राजारामने वळून पाहिलं नाही. दिवाळीला ती काय म्हणाली होती, ते तो आठवत राहिला. गडी पाणी प्यायला थांबले तरी आठवतच होता. शेवटी त्याने नाथाजीचा दंड धरला आणि हळूच विचारलं,

"काय म्हणली हुती?"