खाजणातला चहा

खाजणात चहा पुरणारी आमच्या घराण्यातली पहिली बाई मीच. समुद्राची पातळी वाढली की खाडीकाठच्या चिखलातला पालापाचोळा लवकर कुजतो की सावकाश, यावर माझी पीएच.डी. चालली आहे. टी-बॅगा पुरायच्या, काही महिन्यांनी उकरायच्या आणि आतला चहा किती कुजला ते वजन करून बघायचं. पाला साचत राहिला तर जमीन उंच होते, कुजून गेला तर खचते आणि खारं पाणी आत येतं. हे मी सत्यवतीमावशीला इतक्या विद्वत्तेने समजावलं की ती म्हणाली, "बरा. पण दूध खंय घालतलंस?"

मावशी कोळंबच्या खाडीकाठी एकटी राहते; तिच्या घरासमोरच्या खाजणातच मी पिशव्या पुरल्या होत्या. पाणी चढतंय, घर सोड म्हटलं की जेवायला वाढत नाही.

मे महिन्यात मी पिशव्या उकरायला गेले. खुणेच्या काठ्या जागेवर, खाली एकही पिशवी नाही. भावी डॉक्टर चिखलात फतकल मारून बसल्या आणि भोकाड पसरून रडल्या.

मावशी धावत आली. "रडतंस कित्याक गो? तू गेलंस आणि भरती तुझ्या चायवर इली. मियाच काढून वर नेलंय."

आमच्याकडे कुणाची सुकट, कुणाची सोलं भिजताना दिसली की न विचारता उचलून कोरड्यात ठेवतात. माझं संशोधनही तसंच उचललं गेलं होतं. भिजणं हाच प्रयोग होता, हे सांगायचं मीच विसरले होते.

"वर म्हणजे खंय?"

"परड्यात, माडाखाली. तशीच पुरलंय. थंय पाणी येवचा नाय."

रागारागाने मी घरामागच्या त्या माडाखाली खणायला लागले. वीतभर गेले आणि माती काळी लागली. खाजणाचा तो कुजका वास आला. पिशवी वर आली ती पाणी गाळतच. गेली कित्येक वर्षं मी लोकांना आलेख दाखवून सांगत फिरतेय की खाडी जमिनीखालून आत येतेय, आणि आता ती मावशीच्या माडाखाली होती.

"पावसाचा पाणी आसतला," मावशी म्हणाली.

"हो, पावसाचंच," मी म्हणाले. पाऊस पडून सहा-सात महिने झाले होते.

मावशीने खड्ड्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारा आसा गो," ती म्हणाली आणि मागे वळून घराकडे बघत राहिली.

मला फार भीती वाटली. माझे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते, तरी तिला तशीच घट्ट धरली.