कृपया मागे फिरा

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मी आहे. बँकेच्या फोनवर मी आहे, वीज गेली की तक्रार ऐकून घेणारी मी आहे आणि गाडीत 'पुढे डावीकडे वळा' म्हणणारीही मीच. आवाज देणं हा माझा धंदा. गादीच्या भिंती असलेल्या एका बंद खोलीत बसून मी वाक्यं वाचते आणि मग ती वाक्यं मला न विचारता गावभर हिंडत राहतात.

परवा घरची वीज गेली तेव्हा मी तक्रारीसाठी फोन लावला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' मी मला म्हणाले. मग मी मला एक दाबायला सांगितलं, मग चार, मग पुन्हा एक. डोकं सणकलं, पण भांडणार कुणाशी? इतकं गोड बोलून इतकं न ऐकणारी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मेणबत्ती लावून फोन तसाच कानाशी धरून बसले. अंधारात माझाच आवाज मला थोडा वेळ थांबा, थोडा वेळ थांबा म्हणत राहिला आणि ऐकता ऐकता माझा चक्क डोळा लागला.

या धंद्यात घसा हेच भांडवल. म्हणून गार पाणी नाही, धूळ नाही आणि ओरडणं तर मुळीच नाही. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी शक्यतो तोंडच उघडत नाही. नवऱ्याला आतल्या खोलीतून बोलवायचं असलं की कपावर चमचा वाजवते. सुरुवातीला त्याला गंमत वाटायची. पुढे म्हणायला लागला, "मी काय मांजर आहे का गं?"

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आहे. 'हे अक्षर दिसतं का, आता दिसतं का' असं दिवसभर लोकांना विचारून तो घरी येतो, तेव्हा त्याला बोलायला माणूस हवं असतं, तेही चांगलं तावातावाने भांडणारं. लग्नानंतर काही वर्षं मी त्याची ही हौस पुरेपूर भागवली. शेजारच्या काकू तर म्हणे टीव्हीचा आवाज बंद करून ऐकायच्या. आता मात्र राग आला तरी मी रेकॉर्डिंगच्याच आवाजात बोलते. अंगवळणीच पडलंय. दुकानात फोन केला तर तो आधी क्षणभर गप्प राहतो. बाई जिवंत आहे की यंत्रातली, याचा अंदाज घेतो. एकदा तर 'नको आम्हाला विमा' म्हणून त्याने फोन आपटला होता. तेव्हा आम्ही दोघंही हसलो, पण नंतर भांडी घासताना मला एकदम रडू आलं.

सुट्टीच्या दिवशी तो सकाळीच बूट घालून उभा राहिला. "चल, डोंगरावर जाऊ."

"उद्या माझं रेकॉर्डिंग आहे," मी म्हणाले. "साधंसुधं नाही. नव्या फोनमध्ये माझा आवाज घेतायत."

"मग बोलू नकोस. नुसती चाल. पायांनी कुठे घसा बसतो?"

गळ्याला मफलर गुंडाळून, गरम पाण्याचा थर्मास घेऊन मी निघाले. गाडी पायथ्याशी लावली आणि पायवाटेने चढायला लागलो. वाट दाखवायला त्याने फोन सुरू करून शर्टाच्या खिशात टाकला होता. अर्थात त्यातही मीच. पण डोंगरावर माझं डोकं पार फिरलेलं होतं. सरळ वाटेवर मी डावीकडे वळायला सांगत होते आणि दर थोड्या वेळाने 'कृपया मागे फिरा' म्हणत होते.

"हिचं काय मनावर घ्यायचं," तो म्हणाला आणि चालत राहिला.

वर पोहोचलो आणि सगळं थांबलं. विस्तीर्ण पठार, गुडघ्याएवढं गवत, प्रत्येक पात्यावर पाण्याचा एक थेंब. खडकांमध्ये लहान लहान डबकी होती आणि प्रत्येकात एकेक पांढरं आभाळ पडलेलं. मग धुकं आलं. ते आलं कधी हे कळलंसुद्धा नाही, फक्त लांबचं झाड दिसेनासं झालं, मग जवळचं. माझ्याच पावलांचा आवाज मला पलीकडून ऐकू यायला लागला. दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेतून आपण चाललोय आणि तो माणूस जागा होऊ नये म्हणून हळू पाऊल टाकायचं, असं काहीतरी मला वाटत होतं. इथे कुणी एक दाबा, दोन दाबा म्हणत नव्हतं. कितीतरी दिवसांनी मला छान वाटलं. फक्त पुढे, पांढऱ्यात, त्याच्या खिशातून मी अधूनमधून बोलत होते आणि मागून मी माझ्याच आवाजामागे चालले होते.

तो थांबला. "एक विचारू? तू माझ्यावर शेवटची कधी चिडलीस?"

मी हसून गळ्याकडे बोट दाखवलं.

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला. "घरात असतेस आणि नसतेस. गोड बोलणारी एक तर खिशात आहेच की माझ्या. तू सांभाळ तुझा घसा." आणि पाठ फिरवून तरातरा पुढे गेला. त्याचं लाल जाकीट धुक्यात फिकं होत होत नाहीसं झालं.

मला राग आला, पण तो बाहेर काढायची सोय नव्हती. मी गरम पाण्याचा घोट घेतला आणि पायवाटेने चालत राहिले. वाट उजवीकडे वळली. तेवढ्यात डावीकडचं धुकं विरळ झालं आणि लाल जाकीट पुन्हा दिसलं. तो वाट सोडून सरळ गवतातून चालला होता. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने काच पुसत होता, आणि पुसता पुसता चालतच होता. त्याच्यापुढे गवत थोडंसंच होतं. गवत संपत होतं तिथून पुढे पक्षी उडत होते, पण ते खाली होते. त्याच्या पायांच्याही खाली.

मी तोंड उघडलं. भीतीने जीभ नेहमीच्या वाटेलाच लागली.

"कृपया मागे फिरा," मी म्हणाले. स्वच्छ, गोड, एकाच पट्टीत.

त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. खिशावर एक चापट मारली आणि म्हणाला, "गप बस गं बाई!"

आणि चालत राहिला.

हा मला ऐकतोय, आणि तरी मी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीये. मफलर ओढून काढला आणि पोटातून, बेंबीच्या देठापासून ओरडले, "अरे ए आंधळ्या! मरायचंय का तुला? थांब! थांब म्हणते ना मेल्या!"

आवाज मध्येच चर्रकन फाटला, समोरच्या डोंगरावर आदळला आणि 'मेल्या, मेल्या' करत परत आला. तो जागच्या जागी थिजला. हळूच चष्मा डोळ्यांवर चढवला, समोर पाहिलं आणि होता तिथेच मटकन खाली बसला.

मी धावत गेले. त्याची कॉलर धरून मागे ओढलं आणि सुटलेच. ओला टॉवेल पलंगावर टाकतोस. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. जगाला चष्मे देतोस आणि स्वतः डोळे झाकून कड्यावर चालतोस. कितीतरी वर्षांचं तुंबलेलं होतं. बोलता बोलता घसा बसत गेला, आवाज चिरका झाला, मग नुसती हवा यायला लागली. काचेमागे त्याचे डोळे भरून आले होते.

"बोल," तो म्हणाला. "थांबू नकोस."

खिशातली मी म्हणाले, "कृपया मागे फिरा."

"आता ऐकतो हो बाई," तो म्हणाला आणि आम्ही दोघं गवतात बसून वेड्यासारखे हसलो. मला तर हसतानाही आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेले. आमच्या रेकॉर्डिंग करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांना नमस्कार म्हणायला गेले तर घशातून दार करकरावं तसं काहीतरी निघालं. आता गेलं काम, असं मी मनाशी धरलं.

"अहो, काळजी कशाला करता?" मास्तर म्हणाले. "तुमच्या जुन्या वाक्यांचा एवढा साठा आहे आपल्याकडे. यंत्र त्यातूनच हवं ते वाक्य तयार करतं. खरं सांगू का, तुम्ही आला नसतात तरी चाललं असतं. ऐका."

त्यांनी बटण दाबलं. "वाट चुकली तरी घाबरू नका," मी म्हणाले. "मी सोबत आहे."

हे वाक्य मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. सुंदर होतं. त्यात कुठे श्वास घेतल्याचाही आवाज नव्हता. मला आधी अपमान वाटला, मग भीती. आणि मग एवढा राग आला, की कान तापले. इतकी वर्षं मी गार पाणी सोडलं, ओरडणं सोडलं, नवऱ्याशी भांडणं सोडलं, ते सगळं हिच्यासाठी. आणि हिला माझी गरजच नव्हती.

बाहेर येऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून फ्रिजमधल्या पाण्याची बाटली घेतली आणि तिथेच पायरीवर बसून घटाघटा प्यायले. दात ठणकले. मग नवऱ्याच्या दुकानात फोन लावला.

त्याने उचलला. मला 'मी बोलतेय' म्हणायचं होतं, पण घशातून नुसती एक खरखर निघाली.

पलीकडे तो क्षणभरही थांबला नाही.

"बोल गं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक बसलंय, बसू दे. तू बोल."