घरगुती मीटर

माझ्या वन्सं, माल्सुक, नल्सोम बेटावर चपटे लेप मासे पाळायच्या. समुद्राचं पाणी पंपाने उचलायचं, किनाऱ्यावरच्या सिमेंटच्या टाक्यांत खेळतं ठेवायचं आणि पिल्लं ताटाएवढी होईपर्यंत जपायचं, असा तो उद्योग. नवरा गेल्यावर याच टाक्यांवर त्यांनी मुलगा शिकवला. मी रोज सकाळी मदतीला जायची. वन्सं जेवायला बसल्या तरी त्यांचा एक कान पंपाकडे असायचा.

आमच्या बेटाची वीज इथल्याच डिझेलच्या वीजघरात तयार होते. इंजिनं जुनाट. हिवाळा कसाबसा निघतो, पण उन्हाळ्यात पर्यटक आले, एसी सुरू झाले की वीज पुरत नाही. आज वरची आळी अंधारात, उद्या खालची. याला कंटाळून वन्सं आणि त्यांची शाळेपासूनची मैत्रीण हेरान, या दोघींनी मिळून वीजग्राहक संघ काढला. हेरानला बोलता येतं, वन्संना राबता येतं, म्हणून अध्यक्ष हेरान झाली. तालुक्याच्या कचेरीत जायला होडी वन्संची आणि घरोघर फिरायला पाय वन्संचे आणि माझे. डोंगरावरच्या म्हाताऱ्या दार उघडत नसत. वन्सं ओट्यावर बसून त्यांच्यासोबत लसूण सोलायच्या, मग त्या अर्जावर उठवायला आपला सहीचा शिक्का काढायच्या.

त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. वीज गेली की खाऱ्याचं गोडं पाणी करणारं डोंगरावरचं गावाचं यंत्रही बंद पडायचं. एक दिवस हेरान टाक्यांवर आली.

"माल्सुक, तुझा जनरेटर पाण्याच्या यंत्राला दे ना. म्हाताऱ्या डबे घेऊन विहिरीवर जातायत, बघवत नाही गं."

"आणि माझे मासे?"

"तुझी लाइन बंद करायची वेळ आलीच, तर आधी मी स्वतः पळत येऊन सांगेन. माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर नाही ठेवणार तर काय त्या तालुक्याच्या साहेबावर ठेवू?" वन्सं हसल्या.

मी मागून म्हटलं, "वन्सं, जनरेटर डोंगरावरून खाली आणायला वेळ लागेल हो."

"अगं, ते पाणी आपणही पितोच ना," म्हणत त्यांनी विषय संपवला. माझ्या नवऱ्याने जनरेटर ट्रेलरवर घालून वर नेऊन बसवला.

पुढे तालुक्याचे साहेब आले. संघाची बैठक हेरानच्या अंगणात झाली. आम्हाला बोलावणं नव्हतं. संध्याकाळी हेरान आली ती टाळ्या वाजवतच. "पुढच्या वर्षी नवं इंजिन येणार! जिंकलो गं आपण!"

"मला का नाही बोलावलंस?"

"तू माशांची निवड करत होतीस. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा?"

वन्संनी तिला मिठी मारली. गमबूट, रबरी एप्रन, माशांचा वास, सगळ्यासकट. हेरानही हसत होती.

ऑगस्टच्या सुट्ट्या लागल्या, बेट माणसांनी भरलं. एका दुपारी आम्ही थंड शेवयांचा वाडगा पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि पंप थांबला. वन्संच्या हातातल्या जेवायच्या काड्या तशाच राहिल्या. समोर रस्त्यापलीकडच्या दुकानातला पंखा मात्र फिरत होता.

आम्ही वीजघराकडे धावलो. गिल्योंग तिथला चालक, वन्संच्या अर्ध्या वयाचा, त्यांच्या मुलाबरोबर शिकलेला. तो दारातच हात जोडून उभा राहिला.

"काकू, माझ्या हातात नाही हो. इंजिनाला भार झेपत नाही. हुकूमच आहे, आधी धंद्याच्या लाइनी बंद करायच्या. ग्राहकांच्या अगदी शेवटी."

"ग्राहकांच्या? मग मी कोण?"

"तुमची लाइन धंद्याची. संघाने बैठकीत मान्य केलंय ना हे." तो गोंधळला. "हेरानकाकूंनी सांगितलं नाही तुम्हाला?"

वन्संनी मला, जनरेटर खाली आणायला नवऱ्याला फोन करायला सांगितलं आणि त्या हेरानच्या घराकडे वळल्या. फोन करत करत मी मागे.

हेरान घरातच पर्यटक उतरवते. दारात पाहुण्यांच्या चपला, भिंतीवर एसीची खोकी एकाखाली एक, त्यांचं पाणी थेंब थेंब गळत होतं. हेरान कलिंगड कापत होती.

"तू येऊन सांगणार होतीस," वन्सं म्हणाल्या.

हेरानने सुरी खाली ठेवली. "आत्ताच निघणार होते. पाहुणे आले गं अचानक."

"आणि ग्राहक म्हणजे फक्त घरं, हे कधी सांगणार होतीस?"

"साहेबांचं म्हणणं पडलं की ग्राहकांत धंदे धरले तर इंजिन मंजूर होणार नाही. कुणीतरी मागे राहायलाच हवं होतं. सगळ्या गावाचा विचार केला मी."

"तुझ्या या खोल्या धंदा नाही?"

"माझं मीटर घरगुती आहे, माल्सुक."

हे तिने इतक्या सहज म्हटलं, की मला वाटलं आता वन्सं ते कलिंगड भिरकावणार. त्या फक्त म्हणाल्या, "यांतला एक एसी बंद कर. माझा एक पंप चालेल."

आतून कुणीतरी बर्फ मागितला. हेरानने आत पाहिलं, मग वन्संकडे. "पैसे देऊन आलेत गं ते," ती हळूच म्हणाली.

आम्ही परत आलो तेव्हा लेप वर आले होते. हा मासा तळाला चिकटून राहणारा. तो पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागला की काय समजायचं ते आम्ही समजलो. वन्सं कंबरभर पाण्यात उतरल्या. हाताने पाणी ढवळायला लागल्या, जणू त्यानेच पाण्यात हवा मिसळणार होती.

"वन्सं, किती वेळ असं करणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओरडल्या, "दारं उघड! समुद्रात जाऊ दे!"

मी समुद्राकडची दारं वर ओढली. पाणी खळाळत पन्हळीतून निघालं. आम्ही जाळ्यांनी मासे लोटत होतो. काही वळवळत खाली गेले आणि वाळूच्या रंगात दिसेनासे झाले. बरेचसे पांढरी पोटं वर करून किनाऱ्याशीच तरंगत राहिले. नवरा जनरेटर घेऊन पोचला तोवर कडेची एकच टाकी उरली होती. तेवढी वाचली.

पुढे आम्ही पलीकडच्या किनाऱ्यावरच्या शहरात ग्राहक तक्रारींच्या कचेरीत गेलो. तिथली अधिकारी मुलगी भली होती. तिने आम्हाला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"आजी, तुम्ही वीज घरासाठी वापरत नव्हतात, कमाईसाठी वापरत होतात. आमच्याकडे तक्रार फक्त ग्राहकाची घेतात. तुम्हाला कोर्टात जावं लागेल."

"कमाई खाण्यासाठीच करते ना मी? शोभेला मासे पाळते का?"

"मला पटतं हो. पण तुमच्या संघानेही बैठकीत हेच मान्य केलंय. त्यामुळे कोर्टातही अवघड जाईल."

"त्या बैठकीला कोण कोण होतं?"

मुलीने नावं वाचली. आमच्या शेजारणी होत्या. पाण्याच्या यंत्राचा राखणदार होता. लसूण सोलायला बसवणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. एकेका नावाला वन्सं नुसती मान हलवत गेल्या. एकटी हेरान होती तोवर त्यांनी रागावर तग धरला होता, या नावांनी मात्र त्या वाकल्या. जिन्यात बसूनच राहिल्या. "इतक्यांना ठाऊक होतं," म्हणाल्या. "रोज भेटत होते गं मला."

कोर्टात त्या गेल्या नाहीत. मुलाने आपल्याकडे राहायला बोलावलं, तिकडेही गेल्या नाहीत. जनरेटर पुन्हा टाक्यांपाशी बसवला आणि उरलेल्या टाकीवर काम सुरू केलं. वर्षभराने नवं इंजिन आलं. गावात जेवण झालं. आम्ही त्या दिवशी टाकी घासली.

त्यानंतर एकदा माशांची पेटी घेऊन शहरात जाताना बोटीवर हेरान भेटली. ती जवळ येऊन बसली.

"किती दिवस अबोला धरणार आहेस, माल्सुक?"

"अबोला कसला? बोला ना," वन्सं म्हणाल्या. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

हेरानचा चेहरा पडला. "मला 'तुमची' म्हणतेस?"

"अध्यक्ष आहात तुम्ही."

"शिवी दे, पण असं नको बोलूस," हेरान म्हणाली आणि रडायला लागली. वन्संनी पिशवीतून कागदी रुमाल काढून तिच्यापुढे धरला, अनोळखी प्रवाशापुढे धरावा तसा. धक्का जवळ आला होता. त्या उठल्या.

"चल गं," मला म्हणाल्या, "पेटीची ती बाजू तू उचल."