सिस्टरच्या स्कूटीमागे

करुणा सिस्टरचा हात हलका, असं अख्खं आखाडा बाळापूर म्हणायचं. नांदेड-हिंगोली रस्त्यावर कुणी पडलं-झडलं की गावातल्या दवाखान्यात आणायचे आणि जखमा धुवायला करुणापुढं बसवायचे. वर्षानुवर्षं तेच बघून तिच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती. रस्त्यावर माणसाचा जीव जातो तो दुसऱ्याच्या फार जवळ गेल्यानं. ट्रकच्या मागं, उसाच्या ट्रॉलीच्या बाजूला, एसटीला ओलांडताना.

म्हणून लेकीला सायकल शिकवली ती धाक घालूनच. आम्रपाली तेव्हा लहान होती, तिचे पाय पेडलला धड पुरतही नव्हते. "आमू, अंतर ठेव. म्होरच्याचं चाक दिसलं की ब्रेक दाब," हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की शेवटी सांगायची गरजच उरली नाही.

आता आम्रपाली बारावीला होती आणि सायकलच्या शर्यती खेळत होती. एकेकटं सोडायचे त्या शर्यतीत जिल्ह्यात तिच्या जवळपास कुणी नव्हतं. तिला शिकवायचे कळमनुरीच्या शाळेतले खेळाचे शिक्षक, मुजफ्फर सर. पण विभागाच्या शर्यतीत सगळ्या पोरी एकदमच सोडल्या, आणि तिथं आम्रपाली पार मागं पडली. त्या संध्याकाळी सर घरी आले. चहा समोर आला तरी कप उचलेनात.

"सिस्टर, पोरीच्या पायात दम आहे. पण घोळक्यात बाकीच्या पोरी एकमेकींच्या मागं लपतात. वारं म्होरची खाते, मागचीला निम्मी ताकद पुरते. आपली आमू हातभर सुद्धा जवळ जाईना. चार चाकं लांब राहून सगळं वारं एकटीच खात बसली. असं कुणी जिंकतं का?"

"काहून जात न्हाईस गं जवळ?" करुणानं विचारलं.

आम्रपाली खाली मान घालून बसली होती. तशीच म्हणाली, "हात आपोआप ब्रेकवर जातो, मम्मी."

हे कुणी शिकवलं ते तिघांनाही ठाऊक होतं.

सरांचा उपाय सोपा होता. गाडीच्या मागच्या चाकाला चिकटून रोज सकाळी सायकल चालवायची. पण गाडी चालवायची कुणी? आमूचे वडील रत्नपाल वीज मंडळात लाईनमन, सेनगावला नेमणूक, घरी यायचे ते रविवारी. सर कळमनुरीहून रोज येऊ शकत नव्हते. शेजारच्या पोरानं दोन दिवस मोटारसायकल चालवली, ती अशी की करुणाला आपण दवाखान्यातच उभे आहोत असं वाटायला लागलं.

"मीच चालवते," ती म्हणाली.

हमरस्ता सोडून शेवाळा गावाकडे जाणारा रस्ता त्यांनी धरला. थंडीचे दिवस होते. दोन्हीकडं हळदीची पानं पिवळी पडलेली, शेतांत कुणीकुणी शेकोट्या पेटवून बसलेलं. पुढं करुणाची स्कूटी, मागं आम्रपाली. करुणा आरशात बघायची. लेकरू लांब दिसलं की काळजी, जवळ दिसलं की जास्त काळजी. तिचा हात ॲक्सिलरेटरवर सारखा कमी-जास्त व्हायचा आणि स्कूटी झिंगल्यासारखी जायची.

पहिल्या रविवारी सर बघायला आले. थोडा वेळ त्यांच्या मागून मोटारसायकलवर गेले आणि मग दोघींना थांबवलं.

"सिस्टर, आरशात बघू नका."

"मग ती कुठं आहे ते मला कळंल कसं?"

"कळायचं न्हाई. तिला तुमी कुठं आहात ते कळलं पाहिजे. तुमी डगमगलात की ती डगमगती." सरांनी हात लांबवला आणि आरसा बाहेरच्या बाजूला फिरवून ठेवला. "एकसारखी गाडी ठेवा. खड्डा आला की हात दाखवा. थांबायचं असलं तर हात वर करा, ओरडा, मग ब्रेक. बस."

आरशात आता नुसत्या बाभळी दिसत होत्या. करुणानं स्कूटी सुरू केली. वेगाचा काटा हळूहळू पस्तिसाच्या पुढं गेला. मागून साखळीचा आवाज येत होता, कधी स्पष्ट, कधी वाऱ्यात बुडून जाणारा. बुडाला की तिला वाटायचं, पडली का? राहिली का मागं? मान वळवायची अनिवार इच्छा व्हायची आणि ती दात आवळून समोर बघत राहायची. दवाखान्यात दिवसभर तिची मान अवघडलेली असायची.

दिवस जात गेले तसा साखळीचा आवाज जवळ येत गेला. एका सकाळी तर तो इतका जवळ होता की आमूचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. करुणाला आनंद झाला, आणि तो होतोय तोवर भीतीनं त्याला गिळूनही टाकलं. एवढ्या जवळ!

त्याच आठवड्यात ते घडलं. एका वळणावर हळदीच्या शेतातून रानडुकराची मादी एकदम रस्त्यावर आली, मागं पिलांची रांग. करुणानं हात वर केला नाही. ओरडलीही नाही. हातापायांनी आपलं जुनं काम केलं, कचकन ब्रेक दाबला. मागून धक्का बसला, स्कूटी हिसकली, आणि आम्रपाली सायकलीसकट तिच्या बाजूनं घसरत गेली ती थेट कडेच्या गवतात.

डुकरीण पिलांना घेऊन केव्हाच पलीकडं गेली होती. करुणा धावली. लेकीचं कोपर सोललं होतं, कंबरेच्या बाजूची कातडी गेली होती. हेल्मेटला एक ओरखडा होता. "मान हलव. बोटं हलव. डोळ्यांत बघ माझ्या," ती सांगत होती आणि आम्रपाली मुकाट्यानं करत होती. हाड काही मोडलं नव्हतं. दवाखान्यात नेऊन तिनं स्वतःच जखम धुतली, पण गावानं नावाजलेल्या त्या हलक्या हाताला पट्टी काही धड बांधता येईना. मलमपट्टी दुसऱ्या सिस्टरनं केली.

"बस झालं," घरी आल्यावर करुणा म्हणाली. "उद्यापासून बंद. तुला काय शिकायचं ते कॉलेजात शीक."

रत्नपालनं फोनवर समजावून बघितलं. तिनं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सर आले. करुणा त्यांच्याकडं न बघताच म्हणाली, "मी ब्रेक मारला, सर. माझ्यामुळं पडली."

"ब्रेक मारलात ते बराबरच केलं. डुकरावर गाडी घालायची होती का? हात वर करायचा राहिला, एवढीच चूक. ती सुधारता येती." सर जायला उठले. "पण मी जबरदस्ती करणार न्हाई. लेकरू तुमचं आहे."

सर निघून गेले. आम्रपाली पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती.

"मम्मी, पडल्यावर मला काय वाटलं सांगू?"

करुणा तिची पट्टी नीट करायला बसली.

"वाटलं, एवढंच व्हय? लागलं, आग झाली लई. पण मला वाटायचं, जवळ गेलं की माणूस मरतंच. लहानपणापासून तसंच वाटायचं." ती जरा हसली. "आता तसं वाटून न्हाई राहिलं. तू आता काहून बंद करून राहिली?"

करुणा स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. आपण लेकीला जपलं असंच तिला आजवर वाटत होतं. ते जपणं पोरीच्या अंगात भीती होऊन राहत होतं, हे तिला कधी दिसलंच नव्हतं. त्या रात्री तिला झोप आली नाही. जखमेवर खपली धरली तशी एका सकाळी तिनंच आमूला हाक मारली, "उठतीस का? वारं कमी हाय आज."

त्या दिवशी आरशाला हात लावायची तिला फार इच्छा झाली. लावला नाही.

राज्याच्या संघासाठी निवडीची शर्यत परभणीच्या बाहेरच्या रस्त्यावर होती. रत्नपालनं रजा काढली होती. नवरा-बायको कडेला उभे होते, सर पुढं शेवटच्या रेषेपाशी. पोरी फेऱ्या मारत होत्या. पहिल्या फेरीला घोळका सुसाट आला आणि गेला. करुणा सवयीनं मागं बघत राहिली, कारण विभागाच्या शर्यतीत आमू मागंच एकटी दिसली होती. मागं तर कुणीच नव्हतं.

"आमू कुठंय?" तिनं रत्नपालचा दंड धरला. "अवं, आमू न्हाई आली! पडली का?"

"थांब, येईल."

"काय थांब? जाऊन बघा ना!"

पुढच्या फेरीपर्यंत ती टाचा उंचावून रस्त्याकडं बघत राहिली. पलीकडं उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेकडं तिचं सारखं लक्ष जात होतं. घोळका पुन्हा आला. हेल्मेटं, कोपरं, चाकाला चाक. आणि बरोब्बर मधोमध, दोन्ही बाजूंनी वेढलेली, पुढचीच्या पाठीला जवळजवळ नाक लावलेली, तिची पोरगी. दिसली न दिसली तोच गेली. करुणानं डोळे मिटून घेतले.

शेवटच्या धावेत आम्रपाली नववी आली. संघात सहा जणी घेतल्या. सर म्हणाले, पुढच्या वर्षी, आणि ते उगीच म्हणत नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आम्रपाली मात्र सायकल भिंतीला टेकवून टॉवेलात तोंड खुपसून रडली. करुणानं तिला रडू दिलं.

परतीच्या एसटीत आमू खिडकीशी बसली होती. वसमत मागं पडल्यावर तिला कंठ फुटला.

"मम्मी, तिसऱ्या फेरीत ना, नागपूरच्या पोरीचं कोपर माझ्या कोपराला लागलं. आमी दोघी हललो. माझ्या अन् म्होरच्या चाकात इतकं, इतकंच राहिलं होतं." तिनं दोन बोटं जवळ आणून दाखवली.

अंतर ठेव, हे शब्द करुणाच्या अगदी ओठांपर्यंत आले. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि लेकीच्या बाजूला वळून बसली.

"मग?" तिनं विचारलं. "मग काय केलंस?"