तापलेला रूळ आणि तेलाचा नमदा

मित्रांनो, झेरॉक्स काढल्याबरोबर कागद हातात घेतला तर तो गरम लागतो. ती ऊब माझी. मी त्या यंत्राच्या पोटातला एक जुना रूळ आहे. लाटण्यापेक्षा जाड, आतून पोकळ, ॲल्युमिनियमचा. माझ्या आत काचेचा एक लांब दिवा असतो. तो लागला की मी तव्यासारखा तापतो.

झेरॉक्सची शाई ओली नसते. ती काळी पूड असते, काजळीसारखी बारीक. यंत्र ती पूड अक्षरांच्या आकारात कागदावर नुसती ठेवतं. त्या वेळी कुणी बोट फिरवलं तर सगळा मजकूर फिसकटेल. मग तो कागद मी आणि माझ्याखालचा रबरी रूळ यांच्यामधून जातो. माझ्या उष्णतेने पूड वितळते, दाबाने कागदात बसते आणि अक्षरं पक्की होतात.

पण वितळलेली पूड चिकट असते. ती कागदाला धरते तशी मलाही धरू पाहते. म्हणून कारखान्यात माझ्या अंगावर गुळगुळीत लेप दिला आणि सोबतीला नमद्याची एक पट्टी बसवली. हा नमदा म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखा जाड तुकडा. उष्णतेनेही न जळणारं एक खास तेल पिऊन तो माझ्या अंगाला टेकून बसे. मी फिरायचो, तो मला पुसायचा आणि डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ तेलाचा हात फिरवायचा. तेवढ्याने पूड माझ्यावर थांबत नसे. त्याच्याइतकं जवळचं मला आयुष्यात दुसरं कुणी मिळालं नाही.

१९८४ साली आम्ही कोल्हापुरात आलो. कोर्टाजवळ लालासाब यांचं टायपिंगचं दुकान होतं, तिथे आमचं यंत्र बसलं. अर्ज टाइप करून करून त्यांची बोटं वाकडी झाली होती. यंत्र चालवायला त्यांची धाकटी बहीण हाफिजा बसू लागली. ती मॅट्रिक झालेली होती आणि फार बोलत नसे. कंपनीचा माणूस यंत्र शिकवायला आला, तेव्हा लालासाब त्याच्या चहापाण्यात गुंतले आणि हाफिजाने सगळं वहीत उतरवून घेतलं. जाताना त्याने तेलाची एक बाटली दिली. लालासाबनी ती फळीवर ठेवली. नव्या मशीनला कसलं तेल, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या वर्षी आमचं फार कौतुक झालं. पन्हाळ्याचे एक गुरुजी तर काम नसताना यंत्र बघायला आले. लोक काचेला हात लावून पाहत, आतल्या उजेडाचं नवल करत. आत रूळ आणि नमदा आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. आम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही. काम चांगलं चाललं होतं.

मग काम वाढलं आणि नमदा सुकत गेला. मऊ होता तो पापडासारखा कडक झाला. माझ्या अंगावर काळे ठिपके धरू लागले. हाफिजाने भावाला दोनदा वही दाखवली. लालासाब म्हणाले, बघू. एके दिवशी ती घरी असताना त्यांनी यंत्राचं दार उघडलं आणि ठिपके दाढीच्या पात्याने खरवडले. ठिपके गेले, पण माझ्या लेपावर दोन चरे पडले. त्यांत पूड आणखीच अडकू लागली.

दुसऱ्या वर्षी दहावीचा निकाल लागला आणि दुकानापुढे गुणपत्रिका घेऊन रांग लागली. राधानगरीकडची झुंबरबाई आपल्या मुलीला, शालूला, घेऊन आली. शालूला नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. लालासाबनी घाईत तिच्या गुणपत्रिकेच्या दोन प्रती काढून दिल्या.

दोन तासांनी मायलेकी परत आल्या. शालूचा चेहरा उतरला होता. तिच्या एका प्रतीवर कोपऱ्यात फिकट अक्षरं उमटली होती: अनुत्तीर्ण.

मित्रांनो, ती अक्षरं माझी होती. तिच्या आधीच्या गुणपत्रिकेवरची पूड मी उचलली होती आणि एक फेरी मारून शालूच्या कागदावर टाकली होती. अर्ज घेणाऱ्या कचेरीतल्या कारकुनाने, गणपतरावांनी, ती पाहून सगळ्यांसमोर विचारलं होतं की नापास खोडून पास केलंय काय. शालू इतकी घाबरली की मूळ गुणपत्रिका पिशवीतून काढायचंही तिला सुचलं नाही. पाचला कचेरी बंद होणार होती.

लालासाबनी पुन्हा पातं उचललं. हाफिजाने त्यांचा हात धरला.

“भाई, रुळाला कापू नका. तो जळतोय, त्याला तेल पायजे.”

लालासाब बाजूला झाले. तिने यंत्र बंद करून मला कोमट होऊ दिलं. घड्याळ पुढे सरकत होतं. झुंबरबाईंची घालमेल चालली होती, पण हाफिजा घाई करेना. मग मलमलीच्या फडक्यावर तेल घेऊन तिने मला हळूहळू पुसलं. चऱ्यांतली पूड निघेपर्यंत पुसलं. नमद्यावर तिने थेंब थेंब तेल सोडलं. तो आधी पीतच नव्हता, मग मऊ होऊ लागला. मी पुन्हा तापल्यावर तिने दहा कोरे कागद फिरवले. पहिल्या काहींवर काळे डाग आले, दहावा पांढरा स्वच्छ निघाला. तेव्हा कुठे तिने शालूची गुणपत्रिका काचेवर ठेवली.

प्रती नितळ आल्या. पण हाफिजा त्या देऊन थांबली नाही. डागाळलेली प्रतही घेऊन ती मायलेकींबरोबर रिक्षात बसली. पुढचं मला संध्याकाळी कळलं, ती भावाला सांगत होती तेव्हा. तिने गणपतरावांपुढे सगळे कागद मांडले आणि म्हणाली, “साहेब, चूक आमच्या मशीनची हाय. हिला मघाशी चारचौघांत बोलला, आता चारचौघांतच सांगा.”

गणपतरावांनी मूळ गुणपत्रिका नीट पाहिली. मग ते उभे राहून रांगेतल्या लोकांना म्हणाले, “पोरगी पास हाय. कागद खरा हाय. माझं चुकलं.”

तोवर न रडलेली शालू तेव्हा रडली.

दुसऱ्या दिवसापासून यंत्राबद्दल कुणी काही विचारलं की लालासाब म्हणत, “हाफिजाला विचारा. मशीन तिचं हाय.”

त्यानंतर आमचा तेलाचा दिवस कधी चुकला नाही. तीन वर्षांनी पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी आली आणि म्हणाली, मला तो रूळ बघायचाय. हाफिजाने यंत्राचं दार उघडलं. शालू वाकून माझ्याकडे पाहत राहिली.

“ह्यो व्हय? केवढासा हाय की.”

दोघी किती वेळ हसत होत्या! मलाही फार बरं वाटलं.

पुढे माझा लेप झिजला आणि माझ्या जागी नवा रूळ आला. मित्रांनो, मला कुणी मुद्दाम त्रास दिला नव्हता, फक्त माझ्याकडे बघायचं राहून गेलं होतं. तुमच्याजवळच्या वस्तूंकडे वेळेवर बघत जा. आणि आपल्यामुळे कुणाच्या नावावर डाग पडलाच, तर तो पुसायला दुसऱ्याला पाठवू नका. स्वतः जा.