पान दोन भिंतीकडे

१९७६च्या गुऱ्हाळाच्या हंगामात कडेगावजवळच्या एका गावात सकाळच्या एसटीने सांगलीच्या दैनिकाचा पहिला गठ्ठा आला. एजन्सी घेतली होती फौजेतून परतलेल्या मानसिंगने. अट एकच: अंक शिल्लक राहिले तर दुसऱ्या दिवसापासून गठ्ठा बंद.

गावाला वाचायची सवय मात्र जुनी. गावातल्या ज्ञानूच्या वडिलांनी एके काळी हाताने दाबायचे छपाईयंत्र आणले होते. त्यावर दर आठवड्याला बाजारभावाचे पत्रक निघे. कागद इतका पातळ, की शाई पलीकडे उमटे. म्हणून छपाई एकाच बाजूला. पत्रक देवळाच्या भिंतीवर लागे आणि तिथेच उभ्याने वाचून निम्मे गाव अक्षर शिकले. यंत्र मोडून बरीच वर्षे झाली होती, पण ज्ञानूच्या हाताची सवय गेली नव्हती. मानसिंग गठ्ठा सोडतोय तोवर त्याने वरचा चारपानी अंक उलगडला, खळ फासली आणि भिंतीवर चिकटवला.

भिंतीपुढे झुंबड उडाली. त्याच भिंतीवर अक्षर शिकलेल्या लीलाबाई मोठ्याने वाचू लागल्या. गठ्ठ्याकडे कोणी बघेना.

"ज्ञानूतात्या, पयल्याच दिवशी माजा धंदा बुडवलासा!" मानसिंग ओरडला.

"आरं, पेपर भिंतीवरच वाचत्यात न्हवं?"

शेजारी गुळाच्या ढेपांनी भरलेला ट्रक उभा होता. कराडला न्यायचा की सांगलीला, यावरून मालक आप्पासो आणि ड्रायव्हर यांची जुंपली होती.

"लीलाबाई, गुळाचा भाव बगा की!" आप्पासो म्हणाले.

लीलाबाईंनी तळाची ओळ वाचली. "गुळाचे भाव, पान दोनवर."

"मग वाचा की पान दोन!"

"कसं वाचू? त्ये भिंतीला चिकाटलंय!"

आप्पासोंनी कोपरा धरून ओढला. हातात चिंधी आली. मग सगळे एकदम गठ्ठ्यावर तुटून पडले.

"मला दे रं!"

"आदी मला!"

"लाइनीत या गड्यांनो, लाइनीत!" मानसिंग दोन्ही हातांनी अंक वाटत होता.

सांगलीचा भाव कराडपेक्षा चढा निघाला. "फिरव गाडी सांगलीला!" आप्पासो ढेपांवर चढून ओरडले. ट्रक हलला तशी पोरेबाळे मागे धावली.

संध्याकाळी एसटीच्या कंडक्टरने परतीचे अंक मागितले.

"येक बी न्हाई. उद्या जादा आना," मानसिंग म्हणाला. "मला सोताला बी ऱ्हायला न्हाई."

"म्हंजे तुमी वाचलाच न्हाई?"

"वाचला की. पान येक आन चार. भिंतीवर."